ब्रेन ट्यूमरनंतर कामावर परत जायचंय? तारीख सगळ्यात शेवटी ठरवा

मी जळगावच्या एमआयडीसीत एका दालमिलच्या ऑफिसात अकाउंट्स बघते. माझ्या डोक्यातली गाठ मेनिन्जिओमा, म्हणजे मेंदूच्या आवरणाची गाठ निघाली, ऑपरेशन झालं, आणि पाचव्या आठवड्यात मी फिट सर्टिफिकेट घेऊन सोमवारी साडेनऊला फुल टाइम हजर झाले, कारण घरातले-बाहेरचे सगळे म्हणत होते टाके सुकले, आता बसून काय करणार. नवव्या दिवशी एका पार्टीच्या खात्यात तीच एंट्री दोनदा टाकली, ती शोधता शोधता डोळ्यापुढे अंधारी आली, आणि मग दीड महिना परत घरी. दुसऱ्यांदा गेले ती नीट तयारीनं गेले. तेव्हापासून भुसावळ, चोपडा, पारोळा, शिरपूर कुठून कुठून लोक विचारतात आणि जवळजवळ प्रत्येक जण हीच चूक करत असतो, म्हणून सगळं एका जागी लिहिते.

चूक क्रमाची आहे. लोक आधी तारीख ठरवतात, मग सर्टिफिकेट आणतात, मग साहेबांना सांगतात, आणि शरीराला जमतं का हे कामावर गेल्यावर कळतं. हे उलटं करायचं. आधी कागद समजून घ्या, मग घरी तालीम, मग सर्टिफिकेट, मग बोलणं, आणि तारीख शेवटी.

एक गोष्ट आधीच सांगते. आपल्याकडे झटका आला तरी फिट आली म्हणतात आणि सर्टिफिकेटही फिटच. घोळ नको म्हणून इथे मिरगीसारखं जे येतं त्याला मी झटकाच म्हणते.

१. आधी स्वतःचे कागद वाचा आणि डॉक्टरांना कामाबद्दल विचारा

फाईल घेऊन बसा. डिस्चार्ज कार्ड, बायोप्सीचा रिपोर्ट, शेवटचा एमआरआय, चालू गोळ्यांची यादी. सगळ्याच्या दोन-दोन झेरॉक्स काढा आणि मोबाइलमध्ये फोटो ठेवा.

फॉलोअपला गेलो की आपण विचारतो, "डॉक्टर, कामावर जाऊ का?" डॉक्टर म्हणतात, "जा हळूहळू." या उत्तराचा काही उपयोग नाही, कारण तुम्ही काय काम करता हे त्यांना माहीतच नसतं. तुम्ही ऑफिसात बसता की जिनिंगमध्ये चालत्या मशीनपाशी उभे राहता, हे आधी दोन वाक्यांत सांगा आणि मग विचारा:

- गाठ कुठल्या बाजूला होती, पूर्ण निघाली की थोडी ठेवलीय?
- ग्रेड कुठला, म्हणजे गाठ किती जोरानं वाढणारी? पुढे रेडिएशन किंवा किमो आहे का, कधीपासून?
- झटक्याची शक्यता किती, गोळी किती दिवस चालणार?
- रात्रपाळी, शिडी, मशीन, गाडी यातलं काय बंद आणि कधीपर्यंत?
- पुढचा एमआरआय कधी?

गाठ कुठे होती हे विचारायचं कारण आहे. बहुतेकांची बोलण्याची केंद्रं डाव्या बाजूला असतात, त्यामुळे तिथल्या गाठीनंतर शब्द सापडत नाहीत, माणूस "ते आपलं हे" करत अडतो. पुढच्या भागात असेल तर कामाची आखणी जमत नाही, काम सुरूच करावंसं वाटत नाही, राग लवकर येतो. मागच्या भागात असेल तर नजरेची एक बाजू जाऊ शकते, आणि लहान मेंदूत असेल तर तोल. घरच्यांना वाटतं माणूस आळशी झाला किंवा तापट झाला. शिक्षकाला बोलणं अडलं तर वर्ग अडतो, पण गोडाऊन बघणारा त्याच अडचणीत बरंच काम निभावू शकतो, म्हणजे दोघांची तयारीही वेगळी.

रेडिएशनवाल्यांनी नीट वाचा. ग्लायोमाला (मेंदूच्या आतल्याच पेशींची गाठ) साधारण ६ आठवडे, आठवड्यातले ५ दिवस, असं ३० च्या आसपास वेळा शेक देतात. लोक समजतात शेवटचा शेक झाला की सुटलो. थकवा आणि झोप पुढच्या काही आठवड्यांत उलट वाढू शकते, म्हणून शेवटच्या शेकानंतर लगेच येणाऱ्या सोमवारी जॉईन व्हायचं कोणाला कबूल करू नका. टेमोझोलोमाइड ही किमोची गोळी चालू असेल तर नंतरच्या महिन्यांत बहुतेक वेळा २८ दिवसांत ५ दिवस गोळ्या असतात. ते दिवस कॅलेंडरवर लाल पेनानं मारून ठेवा आणि त्या आठवड्यात नवीन काम अंगावर घेऊ नका.

> सावध: झटक्याची गोळी आणि डेक्सामेथासोनसारखी स्टिरॉइडची गोळी स्वतःच्या मनानं बंद करायची नाही. "आता बरं वाटतंय" म्हणून बंद केलेली गोळी हे झटका येण्याचं मोठं कारण असतं, आणि स्टिरॉइड एकदम सोडलं तर जिवावर बेतू शकतं. लेव्हेटिरासिटॅम या झटक्याच्या गोळीमुळे काहींना फार चिडचिड होते. तसं असेल तर डॉक्टरांना सांगा, गोळी बदलता येते.

२. घरी रंगीत तालीम, कमीत कमी दोन आठवडे

सगळ्यात जास्त लोक इथे चुकतात, मीही इथेच चुकले, म्हणून जरा लांब लिहिते.

कामाच्या वेळेला उठायचं, आंघोळ करून कपडे घालून बसायचं, आणि आपल्या कामासारखंच काम करायचं. टीव्ही बघत बसलो आणि चार तास थकलो नाही याला तालीम म्हणत नाहीत. अकाउंट्सवाल्यानं मागच्या वर्षीची बिलं घेऊन परत एंट्री करा आणि जुन्या खात्याशी टोटल ताडून बघा. शिक्षकानं ३५ मिनिटं मोठ्यानं धडा शिकवा, समोर पुतण्याला बसवा आणि त्याला मधे मधे प्रश्न विचारायला लावा. दुकानदारानं शेजारी रेडिओ लावून सुट्या पैशांचा हिशेब करा.

जवळ एक शंभर पानी वही ठेवा. रोज चारच गोष्टी लिहायच्या: किती वाजता बसलो, काय केलं, डोकं कधी जड झालं, किती चुका झाल्या. चुका दुसऱ्याकडून तपासून घ्या, कारण आपल्याला आपली चूक दिसत नाही, तोच तर प्रश्न असतो.

पहिला आठवडा शांत खोलीत. दुसऱ्या आठवड्यात आवाज आणा. मी घरात बंद खोलीत तीन तास आरामात बसायचे आणि मला वाटलं झालं. ऑफिसात दोन फोन, वजनकाट्याची पावती घेऊन उभा असलेला हमाल, मागून मुनीमजींची हाक, आणि माझं डोकं चाळीस मिनिटांत संपलं. मेंदूला आवाज गाळायलाही ताकद लागते, हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं. म्हणून दुसऱ्या आठवड्यात भाजीबाजारात अर्धा तास कोणाला तरी सोबत घेऊन जा, एकदा कामाच्या वेळेच्या गर्दीत एसटीनं जाऊन या. परत आल्यावर लगेच तासभर काम करून बघा, खरी परीक्षा ती.

बायांनो, घरचं काम यात मोजा. पुरुषाचा अर्धा दिवस सकाळी चहा पिऊन सुरू होतो आणि आपला पहाटे कणीक मळण्यापासून. दोन तास स्वयंपाक, डबे, पाणी भरणं करून चार तास ऑफिस म्हणजे तो सहा तासांचा दिवस झाला. पहिले दोन महिने सकाळच्या पोळ्या-भाकरी दुसऱ्याकडे द्या, सासूबाई असोत, नवरा असो, नाहीतर पोळ्यावाल्या मावशी. हे मागताना लाजू नका. झटक्याचा धोका असेल तोवर गॅसपाशी एकटं उभं राहायचं नाही हेही त्यातच आलं.

> तपासा: आठवड्यातले चार दिवस, मधे अर्धा तास आडवं पडून, चार तास काम जमलं का? आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आदल्या दिवसापेक्षा वाईट वाटलं नाही ना? दोन्हींचं उत्तर हो असेल तरच पुढे जा. नसेल तर अजून एक आठवडा तालीम.

३. सर्टिफिकेट: नुसतं "फिट" लिहून आणू नका

"पेशंट कामासाठी फिट आहे" एवढंच लिहिलेलं सर्टिफिकेट दिलं की ऑफिसच्या दृष्टीनं तुम्ही पूर्वीसारखे झालात. मग आठ दिवसांनी "मला रात्रपाळी नको" म्हटलं की तो तुमचा हट्ट ठरतो. डॉक्टरांना अटींसह लिहून मागा, बहुतेक डॉक्टर देतात, आपण मागतच नाही. साधारण असं:

"हलके काम, दिवसाला ४ तास, ८ आठवडे. रात्रपाळी नाही. उंचीवर किंवा चालत्या मशीनजवळ काम नाही. वाहन चालवू नये. पुन्हा तपासणी अमुक तारखेला."

यातलं तुम्हाला लागू तेवढंच घ्या. पुढे प्रत्येकाचा रस्ता वेगळा आहे.

ईएसआयसी, म्हणजे पगारातून कापला जाणारा कर्मचारी राज्य विमा असेल तर हे घाईत सोडू नका. आजारपणाचा साधा लाभ वर्षाला ९१ दिवस, पगाराच्या ७० टक्के. त्यापुढे ३४ मोठ्या आजारांसाठी वाढीव लाभ आहे, ८० टक्के दरानं, दोन वर्षांपर्यंत जाऊ शकतो, त्याला सलग दोन वर्षं नोकरी आणि त्या काळात निदान १५६ दिवसांचं कॉन्ट्रिब्युशन लागतं. त्या यादीत कॅन्सर तर आहेच, पण कवटीच्या आत जागा व्यापणारी गाठ हीसुद्धा वेगळी लिहिलेली आहे, म्हणजे गाठ साधी असली तरी दरवाजा बंद नाही. डिस्चार्ज कार्डवर डॉक्टर आयसीएसओएल असं लिहितात ते हेच. दवाखान्याच्या खिडकीवर ते बोट ठेवून दाखवा. बरेच जण ९१ दिवस संपले म्हणून जबरदस्ती कामावर येतात आणि हे त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं.

सरकारी किंवा जिल्हा परिषदेची नोकरी असेल तर दीर्घ वैद्यकीय रजेनंतर फिटनेस सर्टिफिकेटशिवाय हजर करून घेत नाहीत, आणि बऱ्याच वेळा जिल्हा रुग्णालयाच्या वैद्यकीय मंडळासमोर जावं लागतं. त्याची तारीख मिळायला वेळ जातो, म्हणून तालमीच्या दुसऱ्या आठवड्यातच अर्ज टाका. कर्करोगासाठी महाराष्ट्राच्या रजा नियमांत वेगळी रजा आहे, आस्थापनेच्या लिपिकाला थेट नाव घेऊन विचारा. अर्धा दिवस हजेरी तिथे सहज बसत नाही, त्यामुळे रजा पुरती वापरून उशिराच हजर व्हा, आणि पहिले दोन महिने किरकोळ रजा आठवड्याच्या मधोमध टाका.

राजीनामा देऊ नका. हे मी ठळक अक्षरात लिहायला हवं. पहिल्या सहा महिन्यांत राजीनामा लिहायचा नाही, कोणी कितीही प्रेमानं सांगितलं तरी. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ च्या कलम २० प्रमाणे सरकारी आस्थापनेत नोकरीत असताना अपंगत्व आलं तर माणसाला काढता येत नाही किंवा खालच्या हुद्द्यावर टाकता येत नाही, जुनं काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरं पद द्यावं लागतं, आणि तसं पद नसेल तर जादा पद करून ठेवावं लागतं. भुसावळला रेल्वेवाल्यांना डिकॅटेगराइज होणं माहीत आहे, गाडी चालवायला अनफिट झालेल्या माणसाला दुसरं काम देतात. राजीनामा दिला की हे सगळं हातचं गेलं. खाजगी नोकरीत ते कलम चालत नाही, तिथे तुमचे अटी लिहिलेले कागद आणि मालकाशी मोकळं बोलणं यावरच भिस्त, म्हणून पुढचा टप्पा नीट करा.

हातापायात कमजोरी, नजर किंवा बोलणं कायमचं गेलं असेल तर यूडीआयडी (दिव्यांगांचं ओळखपत्र) कार्डासाठी स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करून ठेवा. लाज वाटण्यासारखं त्यात काही नाही.

४. सांगायचं कोणाला आणि किती

मालकाला किंवा साहेबाला प्रत्यक्ष भेटा, फोनवर नको, आणि पगाराच्या किंवा हिशेबाच्या दिवशी नको. पाच वाक्यं कागदावर लिहून न्या. मी शेठजींना जे म्हटलं ते असं होतं: "शेठजी, मी परत येतेय, पण आठ आठवडे रोज चार तास. डॉक्टरांनी हे लिहून दिलंय. बँकेचं आणि खरेदीचं खातं मी बघेन, जीएसटीचं काम तेवढे दिवस दुसऱ्याकडे राहू द्या. चार तासांचाच पगार धरा. आठ आठवड्यांनी परत बसून बोलू." ते दोन मिनिटं गप्प राहिले आणि म्हणाले, "ताई, हे मागच्या वेळेलाच सांगायचं होतं."

काय जमणार आणि काय नाही हे दोन्ही सांगा. नुसतं "सांभाळून घ्या" म्हटलं की समोरच्याला काय सांभाळायचं तेच कळत नाही.

ऑफिसातल्या सगळ्यांना रिपोर्ट सांगायची गरज नाही. आपल्याकडे माणसं बघायला येतात, जिव्हाळ्यानंच येतात, पण पहिल्या दिवशी पंधरा जणांनी "आते बरं शे ना?" विचारलं आणि प्रत्येकाला पहिल्यापासून सांगत बसलो की तिथेच दिवस संपतो. एक वाक्य पाठ करून ठेवा, "गाठ काढलीय, औषधं चालू आहेत, आता बरं शे," आणि कामाला लागा.

झटक्याचा धोका असेल तर मात्र जवळ बसणाऱ्या दोघांना नीट शिकवून ठेवायचं. लपवू नका. लपवलं आणि झटका आला तर समोरचा माणूस घाबरून चुकीचंच करतो.

> त्या दोघांना हे सांगा: आजूबाजूचं टेबल-खुर्ची सरकवा, कुशीवर वळवा, डोक्याखाली काहीतरी मऊ ठेवा, घड्याळ बघा. दाबून धरू नका. तोंडात चमचा, बोट, पाणी, गोळी काही घालू नका. कांदा किंवा चप्पल हुंगवू नका, त्यानं झटका थांबत नाही. ५ मिनिटांपेक्षा जास्त चालला किंवा शुद्धीवर न येता दुसरा आला तर १०८ ला फोन.

५. आता तारीख, आणि चढती पायरी

तारीख निवडताना: सोमवार नको, बुधवार किंवा गुरुवार घ्या म्हणजे दोन-तीन दिवसांत सुट्टी येते. अकाउंट्सवाल्यांनी ११ आणि २० तारखेच्या जीएसटीच्या धावपळीत येऊ नका, मार्चमध्ये तर नकोच. आणि खानदेशातला एप्रिल-मे शक्यतो टाळा. जळगाव-भुसावळला पारा ४४-४५ ला जातो, अंगातलं पाणी कमी झालं आणि रात्री उकाड्यानं झोप लागली नाही की झटक्याला आमंत्रणच. टाळता येत नसेल तर सकाळी ८ ते १२ मागा, ऑपरेशनच्या जागेवर सैल सुती रुमाल बांधा, पाण्याची बाटली टेबलावरच ठेवा.

चढण साधारण अशी ठेवा:

- आठवडा १ आणि २: आठवड्यातून तीन दिवस, एक दिवसाआड, ३ ते ४ तास.
- आठवडा ३ आणि ४: तास तेवढेच, दिवस पाच.
- आठवडा ५ ते ८: जमत असेल तर चार तासांची अट डॉक्टरांना आणि मालकाला विचारून सैल करून घ्या, आणि तास दर आठवड्याला अर्ध्या-एक तासानं वाढवा.
- त्यानंतर जबाबदारी वाढवा.

एका वेळी एकच गोष्ट वाढवायची. तासही वाढवले, नवीन कामही घेतलं, आणि त्याच आठवड्यात लग्नाला धुळ्याला जाऊन रात्री दोनला आलो, मग कशानं बिघडलं तेच कळत नाही. तालमीची वही चालूच ठेवा.

चांगला दिवस आला की लोक सगळं उरकून घेतात आणि पुढचे दोन दिवस उठता येत नाही. चांगल्या दिवशीही ठरलेल्या वेळेला उठून घरी जा.

६. कामाच्या जागेवर काय बदलायचं

खुर्ची भिंतीकडे तोंड करून, दारापासून लांब. सांगितलेलं काम तोंडी घेऊ नका, "भाऊ, व्हॉट्सअ‍ॅपवर टाका" म्हणा. फोन दर तासाला एकदाच बघा. पैशांच्या एंट्रीला पहिले तीन महिने दुसऱ्याची नजर हवीच, मी रोज संध्याकाळी मुनीमजींकडून टोटल तपासून घ्यायचे. गोळीचा अलार्म मोबाइलमध्ये लावा आणि एक पट्टी ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवा.

मशीन, शिडी, बॉयलर, उघडी विजेची कामं डॉक्टर सांगेपर्यंत बंद.

शेतीवाल्यांना कोणी सर्टिफिकेट मागत नाही, म्हणून तेच सगळ्यात लवकर कामाला लागतात आणि धोकाही त्यांनाच जास्त. विहिरीच्या काठावर एकटं जायचं नाही, ट्रॅक्टर चालवायचा नाही, फवारणी उन्हात करायची नाही. आणि रात्रीच्या लाईटीवर केळीला पाणी द्यायला जाणं पहिले सहा महिने भावाकडे किंवा सालदाराकडे द्या. त्यात झोपमोड आहे, अंधार आहे, ओल्या जमिनीवर स्टार्टर आहे, आणि आवाज द्यायला जवळ कोणी नाही.

७. गाडी

मोटारसायकल असो की स्कूटी, झटका आला असेल तर न्यूरोवाल्या डॉक्टरांनी लेखी सांगेपर्यंत चावी घरात. लायसन्सच्या फॉर्म १ मध्ये पहिलाच प्रश्न मिरगी किंवा अचानक शुद्ध हरपण्याबद्दल आहे, तिथे खोटं लिहिलं आणि अपघात झाला तर अंगाशी येतं. "गावातल्या गावात जातो" असं बरेच जण म्हणतात. झटका आठशे मीटरवरही येतो. कामावरचं जाणं-येणं कोणासोबत, हे तारीख ठरवण्याआधी पक्कं करा.

८. बिघडलं तर

नुसता थकवा आणि चुका वाढल्या तर एक पायरी खाली या, दोन आठवडे तिथेच थांबा, मालकाला त्याच दिवशी सांगा. मी पाचव्या आठवड्यात एक पायरी उतरले होते आणि त्यामुळेच दहाव्यात फुल टाइम झाले.

पण हे दिसलं तर काम तिथेच सोडून दवाखाना: नवा झटका, पहाटे उठल्यावर डोकं दुखून उलटी, हाताची पकड जाणं, बोलणं अडखळणं, दिसण्यात फरक, टाक्यातून पाणी येणं, ताप येऊन मान आखडणं.

एमआरआयचा आठवडा वेगळा धरा. रिपोर्ट येईपर्यंत कोणाचंच लक्ष कामात नसतं, मग मोठ्या रकमेचं काम त्या दिवसांत कशाला? मी तीन दिवसांची रजा महिनाभर आधीच लिहून देते, एक जायला, एक तपासणीला, एक रिपोर्टला, आणि मुनीमजींना खात्याची चावी देऊन सांगते की गुरुवारपर्यंत मला फोन करू नका. कॅन्सरच्या पेशंटला रेल्वेत भाड्याची सवलत आहे, तिचा फॉर्म हॉस्पिटलकडून भरून घ्यावा लागतो, तो आधीच्या फेरीतच मागून ठेवा म्हणजे आयत्या वेळी खिडकीवर अडत नाही.